घरातला आल्तार आणि सुनेचा प्रश्न

प्रश्न : बाई, आम्ही खानापूर तालुक्यातले कॅथलिक. आजेसासऱ्यांनी गोव्याहून घाट चढून येताना आणलेला आल्तार, म्हणजे आमचा देव्हारा, घरात आहे. त्यावर क्रूस, लाकडी मरियामाता आणि सांत आंतोनची (संत अँथनीची) तसबीर. थोरली सून बेळगावच्या मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, घरातली. मुलगी गुणी आहे, पण आम्ही तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलो की ती उठून स्वयंपाकघरात जाते. आता ती जाते त्या प्रार्थनासंघातल्या पास्टरांनी सांगितलंय, या मूर्ती घरात राहिल्या तर पोटातल्या बाळाला शाप लागेल. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मूर्ती करू नका असं स्पष्ट लिहिलंय आणि कॅथलिकांनी ती आज्ञाच गाळली, असं सून म्हणते. आम्ही मूर्तिपूजक आहोत का? आल्तार काढायचा का?

उत्तर : आल्तार काढू नका. आणि सुनेला तेर्साला बसवू नका. हे दोन्ही आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं लांबलचक आहे आणि तुमच्या घरात बाळ यायचंय.

शापाचं पहिल्यांदा बोलू. निर्गमच्या त्याच अध्यायात, पाचव्या वचनात, वडिलांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते असं आहे. पास्टरांनी तेच धरलं असणार. पण पुढच्याच वचनात देवाची दया हजारो पिढ्यांवर आहे, ते वाचल्याशिवाय थांबायचं नाही. यहेज्केलचा अठरावा अध्याय तर याच गोष्टीसाठी लिहिला आहे की काय असं वाटावं : बापाचं पाप मुलाच्या माथी मारलं जाणार नाही, हे तिथे परत परत सांगितलंय. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. गरोदर मुलीच्या मनात असं भय घालणं मला सहन होत नाही, मग ते कुठल्याही पंथाच्या माणसाने घातलेलं असो. हे तीन उतारे तुमच्या मुलाने तिच्याजवळ बसून वाचावेत. सासूने वाचले तर वाद होईल, नवऱ्याने वाचले तर ती ऐकेल.

आता गाळलेल्या आज्ञेचं. आज्ञा दहा आहेत हे शास्त्रच सांगतं, पण पहिली कुठली आणि दुसरी कुठली, असे आकडे मूळ मजकुरात घातलेले नाहीत. संत ऑगस्टीनच्या पद्धतीने कॅथलिक आणि लूथरन ‘दुसरे देव नकोत’ आणि ‘कोरीव मूर्ती नको’ ही मिळून एक आज्ञा धरतात, आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. मेथडिस्ट, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स मूर्तींची आज्ञा वेगळी, दुसरी म्हणून मोजतात. बेरीज दोन्हीकडे दहाच. तुमच्या कॅथलिक बायबलमध्ये तो अध्याय पूर्णच आहे. मात्र मुलांकडून पाठ करून घ्यायच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात एकेक आज्ञा एका ओळीत आटोपतात आणि मूर्तींबद्दलचं वाक्य त्यात येत नाही. सुनेचा संशय तिथून आलाय. तो उडवून लावू नका. बायबल उघडा आणि तिच्यासमोर अध्याय वाचा.

मी स्वतः मेथडिस्ट घरात वाढले, कॅम्पात. भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, बाकी काही नाही. लग्न होऊन कॅथलिक घरात आले तेव्हा मेणबत्त्या, हार, तसबिरी यांनी डोळे भरून गेले आणि सुरुवातीला मीही अस्वस्थ झाले. मोकळ्या भिंतीसमोर प्रार्थना करताना जी शांतता मिळते ती मला आजही हवीशी वाटते. म्हणून तुमची सून स्वयंपाकघरात का जाते ते मला कळतं. बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं, तेच पुढे मेथडिस्टांकडे आलं. त्या मिशनऱ्यांची मुळं इंग्लंडातल्या, प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या वळणाच्या मंडळ्यांमध्ये होती. त्या वळणाचा उगम स्वित्झर्लंडमध्ये. झुरिक शहरात १५२४ साली धर्मसुधारक झ्विंग्लीच्या शिकवणीवरून नगरसभेने चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं उतरवली आणि भिंतींना पांढरा रंग दिला. माझ्या माहेरची भिंत मोकळी होती, त्यामागे हे एवढं आहे.

पण शास्त्रात एवढंच नाही. विसाव्या अध्यायात मूर्ती नको म्हणणारा देव पाचच अध्याय पुढे, पंचविसाव्यात, कराराच्या कोशावर, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर, सोन्याचे दोन करूब (देवदूत) घडवायला सांगतो, पंख पसरलेले. गणनाच्या एकविसाव्या अध्यायात लोकांना साप चावतात तेव्हा तोच देव मोशेला पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगतो. ज्याने त्याकडे पाहिलं तो वाचला. आता दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढा. कित्येक पिढ्यांनंतर हिज्कीया राजा गादीवर येतो आणि मोशेने केलेला तोच पितळी साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. शास्त्र हिज्कीयाला वाईट म्हणत नाही, त्याची स्तुती करतं.

या दोन प्रसंगांवर मी फार विचार केला आहे. वस्तू एकच. धातूही तोच. देवाच्या आज्ञेने घडलेली, आणि देवभक्त राजाच्या हातून फुटलेली. मधल्या काळात बदललं ते लोकांचं तिच्याशी वागणं. म्हणून तुमची मरियामाता मूर्तिपूजेची वस्तू आहे का, हे लाकडाकडे बघून मला सांगता येणार नाही, आणि प्रार्थनासंघाच्या पास्टरांनाही सांगता येणार नाही. तुम्ही तिच्यासमोर काय करता, काय मागता आणि कोणाकडे मागता, ते तुम्हालाच बघावं लागेल. सांत आंतोनला नवस बोलायचा, हरवलेली वस्तू सापडेपर्यंत त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं, अशी माणसं मी पाहिली आहेत. तिथे हिज्कीयाची आठवण व्हायला हवी. पण आल्तारासमोर बसून घरातल्या आजाऱ्यासाठी, पेरणीसाठी, परगावच्या मुलासाठी देवाचं नाव घेतलं जात असेल तर भिण्याचं कारण नाही.

हा वाद तुमच्या घरापुरता नाही, ख्रिस्ती लोक त्यात शतकानुशतकं भांडले आहेत. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेने चर्चच्या भिंतींवर चित्रं नकोत असा नियम केला होता, म्हणजे सुनेच्या बाजूला जुनी माणसं आहेत. इ.स. ६०० च्या सुमाराला मार्सेच्या बिशपांनी आपल्या चर्चमधली चित्रं फोडली, तेव्हा पोप ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहिलं : चित्रांची पूजा होऊ दिली नाही हे चांगलं केलंत, फोडलीत हे वाईट केलंत, कारण ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात. पुढे ७२६ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या लिओ बादशहाने प्रतिमांविरुद्ध मोहीम उघडली. लोक तुरुंगात गेले, मारले गेले. जेरुसलेमजवळच्या मठात, खलिफाच्या राज्यात, बादशहाचा हात पोचणार नाही अशा जागी बसून दमास्कसच्या योहान या साधूने प्रतिमांच्या बाजूने लिहिलं. त्याचं म्हणणं असं : न दिसणाऱ्या देवाचं चित्र काढता येत नव्हतं हे खरं, पण देवाने देह धारण केला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं, मग त्या देहाचं चित्र का काढू नये? ७८७ साली नाइसीयाच्या दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमांना मान द्यावा, आराधना मात्र फक्त देवाची करावी, असं ठरवलं. त्यानंतरही भांडण पुन्हा पेटलं आणि ८४३ साली थिओडोरा राणीच्या काळात मिटलं.

प्रोटेस्टंटांमध्येही सगळ्यांचं एक मत नाही, हेही सुनेला कळू द्या. १५२२ साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये कार्लस्टाट या लूथरच्याच सहकाऱ्याच्या चिथावणीने मूर्ती फोडायला सुरुवात झाली, तेव्हा प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर लपलेल्या जागेतून परत आला आणि त्याने प्रवचनांमधून ती फोडाफोड थांबवली. लूथरन चर्चमध्ये येशूची आकृती असलेला क्रूस आजही दिसतो.

घरात काय करायचं? रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोघींनी वेगवेगळा वाचा. एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजी खातो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, असं पौल तिथे म्हणतो. आल्तार आहे तिथे राहू दे. सुनेच्या खोलीत तुमची कुठलीच तसबीर लावू नका. तेर्स झाला की तिला बाहेर बोलवा आणि प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणा, ती दोन्ही घरची आहे. बाळाच्या स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) प्रश्न पुढे येईलच. त्याबद्दल तुमच्या फादरांशी आणि तिच्या मूळ मेथडिस्ट चर्चच्या पास्टरांशी आत्ताच बोलून ठेवा, बाळ झाल्यावर नको.

प्रश्न : आमचं कुलदैवत मंगेश. पोर्तुगीजांच्या भयाने देव गोव्यातल्या कुठ्ठाळीहून प्रियोळला हलवले, हे आजोबांकडून ऐकत आलोय. तुमच्या मिशनऱ्यांनी आमच्या मूर्तींवर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. पण बेळगावच्या फातिमा कॅथेड्रलमध्ये मी स्वतः मूर्ती पाहिल्या आहेत. मग मूर्तिपूजक आम्हीच का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. सोळाव्या शतकात, १५६० च्या दशकात, पोर्तुगीजांनी गोव्यातल्या साष्टी आणि बारदेशातली देवळं पाडली. त्याच दशकात, १५६६ साली, नेदरलँड्समध्ये कॅल्विनच्या अनुयायांनी कॅथलिक चर्चमध्ये घुसून मरियेच्या आणि संतांच्या मूर्तींचे तुकडे केले. एकीकडे कॅथलिक राजवट दुसऱ्यांचे देव फोडत होती, दुसरीकडे कॅथलिकांच्याच मूर्ती फुटत होत्या, आणि फोडणारे दोन्हीकडे एकाच आज्ञेचं नाव घेत होते. देवळं पाडणं हा अन्याय होता. मी ख्रिस्ती आहे आणि हे कुठलीही पळवाट न ठेवता लिहिते.

पुस्तकांबद्दल. बाबा पदमनजी आपल्या बेळगावातलेच, जन्म १८३१, ख्रिस्ती झाले १८५४ साली, तेही इथेच. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने मूर्तिपूजेवर कडक लिहिलं. ते प्रोटेस्टंट होते आणि प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची तीच टीका कॅथलिकांवरही होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. पदमनजींबद्दल मला आदर आहे, विधवांच्या दुःखाबद्दल त्यांनी मराठीत लिहिलं तेव्हा फार थोडे लिहीत होते. पण शेजाऱ्याच्या देवाबद्दल तशा सुरात लिहू नये, असं माझं मत आहे.

फरक मात्र आहे, तो लपवत नाही. तुमच्याकडे प्राणप्रतिष्ठा होते आणि मग मूर्तीत देव आहे असं मानून तिला स्नान, नैवेद्य, शेज होते. कॅथलिक मूर्तीवर असा विधी नाही. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने स्पष्ट सांगितलं की मूर्तीत कुठलंही देवत्व किंवा शक्ती आहे असं मानायचं नाही, दिलेला मान ज्याची ती मूर्ती त्याला जातो. कॅथेड्रलमध्ये लोक गुडघा टेकतात तो मुख्यतः पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीकडे बघून. येशू प्रत्यक्ष उपस्थित आहे असं ते मानतात ते त्या भाकरीत. मान मूर्तीपलीकडे पोचतो, हे म्हणणं तुमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडीही असेल, आणि तिथे आपण फार लांब नाही. आपल्याच भागात लिंगायत शेजारी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतात आणि बाराव्या शतकात बसवण्णांनी देवळांविषयी जे प्रश्न विचारले ते अजून वचनांतून गातात. हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनाच पडलाय असं नाही.

प्रश्न : आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये यंदा नाताळचा गोठा करायचं तरुण मंडळींनी ठरवलं. गणपती करणाऱ्या कुंभाराकडून बाळ येशू, मरिया, योसेफ करून घ्यायचे आहेत. कमिटीतले दोघे म्हणतात, मूर्ती चर्चमध्ये नको. — निपाणी

उत्तर : करा. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्यो गावात खरी गाढवं-बैल आणून गोठा मांडला, लोकांना येशूचं गरीब जन्मस्थान डोळ्यांनी दिसावं म्हणून. तुमच्या मुलांनाही ते दिसू द्या. कुंभाराला मोबदला पूर्ण द्या, त्याच्या हंगामानंतरचं काम आहे म्हणून घासाघीस करू नका. गोठा व्यासपीठावर न मांडता दाराजवळ मांडा, म्हणजे त्या दोघांना उपासनेच्या वेळी समोर मूर्ती दिसणार नाहीत. ६ जानेवारीनंतर सगळं कापडात गुंडाळून पेटीत ठेवा. आणि बाळ येशूसमोर दानपेटी ठेवायची नाही, हे कमिटीच्या ठरावात लिहून घ्या.