विंडोज नव्याने टाकल्यावर थंडरबर्डमधले जुने मेल परत कसे आणायचे?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: दुकानात देऊन संगणक फॉरमॅट करून आणला, विंडोज ११ टाकलं, दुकानदाराने 'सी ड्राइव्हचा सगळा बॅकअप' डी ड्राइव्हमध्ये ठेवलाय. आता थंडरबर्ड (मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्रॅम) पुन्हा टाकलं, तर ते कोऱ्या पाटीसारखं नवीन खातं विचारतंय आणि तुम्हाला आठ वर्षांचे मेल हवेत.

त्या खिडकीत आत्ता काहीही भरू नका. रद्द करा आणि थंडरबर्ड बंद करा. भरलंत म्हणून जुनं काही पुसलं जाईल असं नाही, पण नवं प्रोफाइल, म्हणजे मेल, खाती आणि सेटिंग ठेवायचं फोल्डर, कामाला लागतं, आलेले मेल त्यात उतरायला लागतात, आणि मागाहून जुनं सापडलं की अर्धे इथे अर्धे तिथे अशी खिचडी होते. ती निस्तरायला लागणारा वेळ मी मोजून बसलोय.

मग ब्राउझर उघडून त्याच पत्त्याच्या वेबमेलमध्ये जा आणि खाली खाली सरकत जुने मेल दिसतात का बघा. आठ वर्षांपूर्वीचे मेल तिथे दिसत असतील, तर तुमचं खातं बहुधा आयमॅप पद्धतीचं, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणारं होतं. माल सर्व्हरवरच आहे, घाबरायचं कारण नाही. खातं पुन्हा जोडलं की ते येतील. अडकलेले असतील ते फक्त 'लोकल फोल्डर्स'मध्ये (संगणकावरच राहणाऱ्या कप्प्यांत) हलवलेले मेल, पत्त्यांची वही आणि फिल्टर. पण वेबमेलमध्ये गेल्या दोन आठवड्यांचेच मेल दिसले किंवा काहीच नाही दिसलं, तर खातं बहुधा पॉप होतं. पॉप म्हणजे पोस्टमनने पत्र घरी टाकलं. पोस्टात त्याची प्रत राहतेच असं नाही. मग तुमचे मेल होते ते फक्त त्या जुन्या सी ड्राइव्हवर.

नेमके कुठे, तर ज्या घरात कोणी डोकावत नाही तिथे. सी ड्राइव्हमध्ये युजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात थंडरबर्ड. ॲपडेटा हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. आणि आपल्या नागपूरच्या बर्डीवर काय, कुठल्याही गावात, 'बॅकअप घेतला' याचा अर्थ डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो एवढाच असतो. टॅलीचा डेटा मात्र न विसरता घेतात, कारण त्यावरून शिव्या खाऊन झालेल्या असतात. मेलचं कोणाच्या लक्षात नसतं.

माझ्या मामांचं महालात वकिलीचं ऑफिस आहे. मे महिना, कूलर फुल, आणि मामा फोनवर: 'बाळू, पाठवलेले मेल दिसतात रे, आलेला एकही नाही. म्हणजे माझं म्हणणं रेकॉर्डवर आहे अन् समोरच्याचं नाही!' गेलो. दुकानातल्या पोराने (दुकानाचं नाव घेत नाही, पोरगं भलं होतं) थंडरबर्डचं फोल्डर खरोखरच उचललं होतं, हे विशेष. त्यात 'सेंट' होतं, 'ड्राफ्ट्स' होतं, 'इनबॉक्स डॉट एमएसएफ' नावाची छोटीशी फाइलही होती. नुसतं 'इनबॉक्स' तेवढं नव्हतं. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवतं आणि त्या फाइलला शेपूट, म्हणजे एक्स्टेंशन, नसतं. पांढऱ्या कोऱ्या कागदाचं चित्र दिसतं, बस. मामांची ती फाइल जवळपास सहा जीबी झालेली होती. पोराने कॉपी केली होती पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह होता फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि फॅट३२ वर चार जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. विंडोजने तसं सांगितलं असणार आणि त्याने 'स्किप' दाबलं असणार. एमएसएफ म्हणजे नुसती अनुक्रमणिका. पुस्तक गेलं आणि अनुक्रमणिका राहिली.

नशीब एवढंच की त्याने नवीन एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाकून जुनी हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली होती. ती पिशवी मामांच्या कपाटात एआयआरच्या, म्हणजे कोर्टाच्या निकालांच्या, जाड खंडांमागे सापडली. यूएसबीच्या केबलने जोडली, युजर्समध्ये मामांच्या नावावर क्लिक केलं तर 'तुम्हाला परवानगी नाही' असं आलं. 'कंटिन्यू' दाबून थोडं थांबलो आणि आत गेलो. इनबॉक्स जागेवर होता.

तेव्हा तुम्ही हेच तपासा. फाइल एक्सप्लोररमध्ये वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'हिडन आयटम्स' यावर खूण करा. मग डी मधल्या बॅकअपमध्ये रोमिंगखाली थंडरबर्ड आहे का बघा. लोकलखाली दिसणाऱ्या थंडरबर्डला भुलू नका, तो कॅशेचा कचरा असतो. सापडलं की राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार बघा. आठ वर्षांचे मेल म्हणजे जीबीत आकडा यायला हवा. दहा-वीस एमबी असेल तर माल आत नाही. आत 'प्रोफाइल्स' आणि त्यात इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं काहीतरी अगम्य नाव असून शेवटी 'डिफॉल्ट-रिलीज' किंवा, प्रोफाइल जुनं असेल तर, नुसतं 'डिफॉल्ट' असलेलं फोल्डर असेल. त्यातलं 'मेल' हे पॉपचं आणि लोकल फोल्डर्सचं घर, 'आयमॅपमेल' हे आयमॅपचं. डी मध्ये नसेल तर सी मध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' आहे का बघा. फॉरमॅट न करता वरूनच विंडोज टाकलं असेल तर जुनं सगळं तिथे असतं. पण आजच बघा, कारण साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकतं.

सापडलं ना? मग पुढचं काम पाच मिनिटांचं. थंडरबर्ड बंद आहे याची खात्री करा. विंडोजची कळ आणि आर दाबा, टक्क्याची खूण, मग इंग्रजीत ॲपडेटा, परत टक्क्याची खूण असं टाइप करून एंटर; तुम्ही थेट नव्या रोमिंगमध्ये पोचाल. तिथल्या नव्या थंडरबर्ड फोल्डरचं नाव बदलून 'थंडरबर्ड-नवं' ठेवा, पुसू नका. जुनं थंडरबर्ड फोल्डर अख्खं, 'प्रोफाइल्स डॉट आयएनआय' या फाइलसकट, तिथे चिकटवा. कट नाही, कॉपी. थंडरबर्ड उघडा. खाती, सह्या, फिल्टर, पत्ते, सगळं जसं होतं तसं समोर यायला हवं. पासवर्डही येतात, मात्र 'की४ डॉट डीबी' आणि 'लॉगिन्स डॉट जेसन' या दोन्ही फाइल सोबत असल्या तरच. जीमेल असेल तर ते एकदा खिडकी उघडून परवानगी विचारू शकतं.

खातं आयमॅप असेल आणि सर्व्हरवरून काही मेल उडाले असावेत असा संशय असेल, तर उघडण्याआधी वायफाय बंद करा. नाहीतर थंडरबर्ड सर्व्हरशी जुळवून घेतं आणि तिथे नसलेले मेल इथूनही काढतं. ऑफलाइन असतानाच ते मेल लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करून घ्या, मग नेट लावा.

तरीही कोरी पाटीच दिसली तर पुन्हा विंडोज आणि आर दाबून इंग्रजीत 'थंडरबर्ड', एक जागा सोडून वजाची खूण आणि पी असं टाइप करा. प्रोफाइल निवडायची खिडकी येते, त्यात जुनं निवडा. 'तुम्ही थंडरबर्डची जुनी आवृत्ती उघडली आहे' अशी तक्रार आली तर तुमचं प्रोफाइल नव्या आवृत्तीचं आहे. थंडरबर्ड ताजं करून घ्या.

प्रोफाइल अर्धवटच सापडलं, म्हणजे मेलच्या फाइली आहेत पण 'प्रेफ्स डॉट जेएस' ही सेटिंगची फाइल नाही, तर नवीन खातं सरळ तयार करा. मग थंडरबर्ड बंद करून शेपूट नसलेल्या फाइली, आणि असतील तर 'डॉट एसबीडी' नावाची फोल्डरं, नव्या प्रोफाइलच्या मेलमधल्या लोकल फोल्डर्समध्ये टाका. इनबॉक्सचं नाव आधी 'जुना-इनबॉक्स' करा. एमएसएफ फाइली नेऊच नका, थंडरबर्ड त्या नव्याने बनवतं. पहिल्यांदा उघडताना मोठी फाइल असेल तर वाट बघावी लागते. चहा पिऊन या.

कोणीतरी आउटलुकचंही विचारेल म्हणून: तिथे पीएसटी फाइल शोधायची, ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असते आणि म्हणून दुकानाच्या बॅकअपमध्ये आपोआप येते. ओएसटी फाइल सापडली म्हणून हुरळून जाऊ नका, ती त्या खात्याशी बांधलेली असते आणि नुसती उघडत नाही.

आणि कुठेच काही नसेल तर? त्या संगणकावर काम करणं थांबवा. डिस्क फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि फाइल परत मिळवण्याचा प्रोग्रॅम तिथून चालवा. त्याच डिस्कवर तो टाकलात तर जे परत मिळवायचंय त्याच्याच उरावर बसेल. एसएसडी फॉरमॅट झाली असेल तर खरं सांगतो, आशा फार कमी. रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते, त्यामुळे हजारो रुपये मागणाऱ्याला आधी विचारा की मेल मिळाले नाहीत तर पैसे घेणार का.

पण त्याआधी घरातल्या कपाटात प्लास्टिकची पिशवी आहे का ते बघून या. दुकानदाराला फोन करून जुनी डिस्क त्याच्याकडेच राहिली का तेही विचारा, आणि आजच विचारा. परवा ती दुसऱ्या कोणाच्या संगणकात बसलेली असेल.