हळद्या, खंड्या, शिंजीर या पक्ष्यांचे रंग फोटोत नीट येत नाहीत, फ्लॅश घेऊ का?

फ्लॅश घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की हळद्या उन्हात जळतो, शिंजीर काळा ठिक्कर येतो आणि सावलीत खंड्या मळकट दिसतो. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि फ्लॅश त्यातल्या एकाचंही औषध नाही. एवढं ठामपणे का म्हणतोय ते आधी सांगतो.

दापोलीजवळ माझ्या मामाची वाडी आहे, पोफळी, फणस आणि खाली पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. पऱ्याच्या दरडीत पाऊस लागला की तिबोटी खंड्या बीळ करतो. चिमणीपेक्षाही लहान पक्षी, पोट हळदीसारखं, चोच आणि पाय लालभडक, पाठ निळी-काळी आणि डोक्यावर जांभळी झाक. २०१९ च्या जुलैत मी आमच्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या ग्रुपमधल्या चौघांना तिथे घेऊन गेलो. मीच नेलं, अजून त्रास होतो. त्यातले एक सिनियर, त्यांनी पोचल्या पोचल्या बिळाच्या तोंडावर लोंबणारा नेच्यांचा झुपका कापून टाकला, बॅकग्राउंड क्लीन हवं म्हणून, आणि दोन बाजूंना दोन फ्लॅश उभे केले. मी म्हटलं, सर, नको. तर म्हणाले, "अरे या अंधारात रंग येणारच नाही, तुझा पक्षी राखाडी येईल. आणि फ्लॅशने पक्ष्याला काही होत नाही." जोडीतला एक चोचीत सापसुरळी घेऊन समोरच्या फांदीवर येऊन बसला आणि पाऊण तास तसाच बसून राहिला, सापसुरळीची शेपटी लोंबतेय, हा मान खालीवर करतोय, पण बिळात जात नाही, आत पिल्लं. शेवटी मामा छत्री घेऊन खाली आला आणि सगळ्यांना चहाला म्हणून वर घेऊन गेला, तेव्हा कुठे तो आत शिरला.

चार दिवसांनी रात्रभर पाऊस कोसळला. नेचे जिथे पाणी अडवत होते तिथलीच माती सुटली आणि बीळ दबलं. सकाळी मामाचा फोन आला, "बाळा, दरड बसली रे," एवढंच म्हणाला.

पुढच्या वर्षी लॉकडाऊनमुळे मी तिथेच अडकलो होतो. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, वाडीतले दोन फणस आणि कितीतरी पोफळी आडव्या झाल्या. तरी महिनाअखेरीस तिबोटी आला, जुन्या बिळापासून वीसेक पावलांवर. मी पऱ्याच्या पलीकडे करवंदीच्या जाळीमागे ट्रायपॉड लावून बसलो. बिळात शिरण्याआधी तो ठरलेल्या फांदीवर दोन-तीन सेकंद दगडासारखा बसतो, तेवढे पुरतात. ३०० मिमीची लेन्स, एफ ४, शटर १/८०, आयएसओ २५००, ढगाळ सकाळ. नऊ दिवस बसलो, कामाचे सहा फोटो मिळाले. सरांच्या फोटोत पाठीवर नुसते चकचकीत ठिपके आहेत, माझ्या फोटोत निळ्यातून जांभळ्यात रंग कसा उतरतो ते दिसतं, कानामागचा पांढरा पट्टासुद्धा पिसासकट. राखाडी नाही आला, सर.

आता तुमचं. खंड्या मळकट येतो कारण झाडीतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, तो नारिंगी-पिवळ्यावर बसला की रंग मरतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा आणि घरी व्हाइट बॅलन्सचा टिंट थोडा मजेंटाकडे, म्हणजे हिरव्याच्या उलट गुलाबी-जांभळ्याकडे, न्या, एवढ्यानेच निम्मं काम होतं. हळद्या आणि निखार (लालभडक पक्षी) यांच्या बाबतीत नेहमीचा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, फसवतो, सगळं ठीक दिसतं आणि लाल चॅनल केव्हाच संपलेला असतो, म्हणजे लाल रंगातला तपशील जळून गेलेला असतो, म्हणून लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवून काढा (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). मागे गडद झाडी असेल तर आणखी खाली. शिंजिराचा जांभळा हा पिसातला रंगद्रव्याचा रंग नाहीच, पिसाच्या रचनेवरून उजेड परततो त्या कोनाचा खेळ आहे, तेव्हा सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊ द्या, एका फुलासमोर बसा आणि त्याला वळू द्या. भर दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा, दहानंतर उन्हातला हळद्या काढायला जाऊच नका.

एक कबूल करतो, त्या वर्षी फणस पडल्यामुळे पऱ्यावर नेहमीपेक्षा उजेड जास्त होता. पण २०२२ ला तिथे केळी आणि झाडोरा वाढून परत अंधार झाला होता, तेव्हा आयएसओ ५००० ला काढले, थोडा नॉइज (दाणेदारपणा) आहे, रंग तेच आहेत. आणि लांबून, दिवसा, एखादा हलका फिल फ्लॅश (सावली उजळण्यापुरता) मारला की पक्ष्याचं वाटोळं होतं असंही मी म्हणत नाही. घरट्यापाशी मात्र नाही म्हणजे नाही, आणि एक पानसुद्धा तोडायचं नाही.

फ्लॅशचे पैसे ट्रायपॉडमध्ये घाला. लेन्सबद्दलही विचारलंय तुम्ही, पण कॅमेरा कुठला आहे ते लिहिलंच नाहीत, ते लिहा मग सांगतो. ते सहा फोटो सेटिंग्जसकट बघायचे असतील तर मेसेज करा. सरांनाही २०२० मध्येच पाठवले होते, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.