रिसायकलिंगचा पहिला ऑनलाइन पाठ

मुलांसाठी रिसायकलिंगचा ऑनलाइन पाठ तयार करताय, आणि तोही पहिलाच ना? मग व्हिडिओ गोळा करण्याआधी प्रश्न ठरवा. ‘रिसायकलिंग का महत्त्वाचं?’ हा नको. त्याचं उत्तर मुलांना तोंडपाठ असतं. त्यापेक्षा विचारा: प्लास्टिकच्या बाटलीखाली त्रिकोणात आकडा आहे, म्हणजे ती रिसायकल होतेच का? मुलं घरातल्या बाटल्या उलट्या करतील, १ ते ७ पैकी कोणते आकडे दिसतात ते टिपतील आणि शोधता शोधता त्यांना कळेल, की आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. तो क्षण त्यांचाच राहू द्या. उत्तर आधी सांगू नका.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- वीस लिंक देणं. स्वतः वाचलेल्या तीन-चार पुरेत.
- ‘माहिती लिहा’ म्हणून थांबणं. मग नक्कलच येते. निर्णय मागा, कारणासकट.

मुलांच्या कामाला गुण कसे द्यायचे, त्याचे तक्ते नंतर बघू.