वहीच्या मागच्या पानावरचे आकडे

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. ‘डूम’ नावाच्या जुन्या गेमचा फुकट मिळणारा सोर्स कोड (गेम ज्यावर चालतो त्या लिहिलेल्या सूचना) उतरवून घेऊन तो रोज रात्री दोन-दोन तास वाचत बसतो. सहामाहीत टक्के ८१ वरून ७२ वर आले. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर ०, ८, १०९, २२०, २२२, २४१ असे आकडे सापडले, तेव्हा सट्ट्याचा संशय येऊन मी तो फोल्डरच पुसून टाकला. आता तो माझ्याशी बोलत नाही. कंपनीने टाकून दिलेला कोड वाचून काय मिळणार? आणि दुसऱ्याचा गेम बदलून मित्रांना वाटणे ही चोरीच नव्हे का? त्याला गेमिंगकडे जाऊ द्यावे, की संगणक अभियांत्रिकीलाच घालावे? – एक पालक

उत्तर : आपल्या पत्रातील नऊ टक्क्यांच्या घसरणीने मी फारसा अस्वस्थ झालो नाही, ‘फोल्डरच पुसून टाकला’ हे वाक्य मात्र मी दोनदा वाचले. मूळ कोड पुन्हा उतरवून घेता येतो, पण त्यात मुलाने केलेले बदल त्या एकाच संगणकावर असतील तर ते कुठूनही उतरवता येणार नाहीत. त्याची भरलेली प्रयोगवही आपण फाडली असती का? नसती, कारण तिच्यावर शाळेचा शिक्का असतो. या कामावर कोणाचाही शिक्का नव्हता, आणि आपल्या लेखी ते काम नव्हते याचे कारण मला तेवढेच दिसते.

आता त्या आकड्यांविषयी. डूममध्ये गोळी लागल्यावर किती इजा व्हावी, यासारख्या गोष्टी खेळणाऱ्याला नशिबावर सोडल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात कोडमध्ये २५६ संख्यांची एक ठरलेली यादी आहे, आणि गेम दर वेळी तिच्यातील पुढची संख्या उचलतो. यादीचा क्रम कधीच बदलत नसल्यामुळे खेळाडूने दाबलेल्या कळींची नोंद ठेवली, तर तोच डाव जसाच्या तसा पुन्हा दाखवता येतो. आपण पत्रात लिहिलेले आकडे त्या यादीच्या सुरुवातीचे आहेत. सट्ट्याचा संशय आपल्याला आला तो नेमका अशा पानावरून, जिथे आपला मुलगा ‘यात नशीब नाहीच’ हे शोधून काढत होता. ‘हे काय आहे रे?’ एवढे विचारले असते, तर बहुधा तासभर उत्तर मिळाले असते.

‘टाकून दिलेला कोड’ हा गैरसमज केवळ आपलाच नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. डूम १९९३ च्या डिसेंबरात आला आणि चार वर्षांनी, १९९७ च्या डिसेंबरात, इड सॉफ्टवेअर या कंपनीच्या जॉन कारमॅक यांनी त्याचा कोड खुला केला. तो कपाट आवरताना बाहेर काढलेला नव्हता. डॉस या जुन्या संगणकप्रणालीसाठीच्या आवृत्तीतील आवाजाचा भाग दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला असल्यामुळे तो देता येत नव्हता, म्हणून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीसाठीची आवृत्ती तयार करून प्रसिद्ध करावी लागली. सुरुवातीचा परवाना बिगर-व्यावसायिक वापरापुरता होता. १९९९ मध्ये तो बदलून जीपीएल हा खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना लावण्यात आला. या परवान्यानुसार कोड वापरता येतो, बदलता येतो, विकताही येतो. अट अशी की बदललेली आवृत्ती दुसऱ्याला देताना तिचा कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. त्यामुळे बदल करून मित्रांना देणे ही चोरी नाही, मूळ लेखकाचे नाव न पुसता कोडही सोबत दिला म्हणजे झाले.

परंतु एका बाबतीत आपली शंका रास्त ठरू शकते. खुला झाला तो कोड. गेममधील चित्रे, आवाज आणि नकाशे ज्या वॅड फाइलींत असतात, त्या पूर्ण गेमच्या फाइली आजही कंपनीच्या मालकीच्या आहेत. मुलाने त्याही मित्रांना वाटल्या असतील, तर ते थांबले पाहिजे. फ्रीडूम हा प्रकल्प तशाच फाइली खुल्या परवान्यावर देतो. त्या वापरून त्याचे काम अडणार नाही.

गेमिंग की अभियांत्रिकी, हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. केवळ गेम खेळायला आवडतात म्हणून या क्षेत्राची स्वप्ने पाहणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यातील बहुतेकांना मी स्पष्ट नकार दिला आहे. आपला मुलगा खेळत नाही, तो उलगडून पाहतो आहे. बारावीची आणि प्रवेश परीक्षा त्याला द्यावीच लागेल, त्याचे वेळापत्रक आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मुलालाही एक सांगायचे आहे : कोड नुसता वाचत राहणे हा आळसाचाही एक प्रकार असू शकतो. याच कोडमध्ये १ ही संख्या ६५,५३६ अशी का मांडली आहे आणि अशा दोन संख्यांचा गुणाकार केल्यावर उत्तर सोळा बिट उजवीकडे का सरकवावे लागते, हे त्याने कागदावर मांडून दाखवावे. ते जमले तर तो शिकतो आहे. न जमल्यास परीक्षेपर्यंत रोज अर्धा तास पुरे, आणि तो अर्धा तास त्याच्याशी बोलून ठरवावा.

जॉर्डन मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ मधील गेमचा मूळ कोड हरवला असेच धरले गेले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या, त्यांनी त्या मुलाकडे पाठवल्या, आणि त्यांवरून वाचून काढलेला कोड त्याच वर्षी सर्वांसाठी खुला झाला. त्या वडिलांना तो कोड ज्या असेम्ब्ली भाषेत लिहिला होता ती येत होती की नाही, याने त्यात काहीच फरक पडला नसता.

आता त्या संगणकावर नवे काही उतरवू नका आणि कोणती फाइल साठवूही नका. पुसलेल्या फाइलींच्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर त्या परत मिळण्याची थोडी शक्यता असते. मुलाला बोलवा, चूक झाली म्हणून सांगा, आणि आधी रिसायकल बिन त्यालाच उघडू द्या.