लहान गावातला रस्ता चालणाऱ्यांसाठी सुरक्षित करायला अनुदान कुठून मिळतं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गाव तीन-साडेतीन हजार वस्तीचं. मधून जाणारा रस्ता नुकताच काँक्रीटचा झालाय, त्याच्यावरच जिल्हा परिषदेची शाळा आणि आरोग्य उपकेंद्र. गाड्या सुसाट जातात, आजीची व्हीलचेअर दाराबाहेर काढता येत नाही, आणि सरपंच म्हणतात, "त्याला वेगळा निधी येत नाही." अमेरिकेत लहान गावांनाही यासाठी थेट अनुदान मिळतं असं तुम्ही वाचलंय. ते बरोबर आहे. तिथे 2021 च्या कायद्यानं पाच वर्षांसाठी 5 अब्ज डॉलर केवळ सुरक्षित रस्त्यांसाठी बाजूला काढले आणि स्थानिक संस्थांना थेट अर्ज करायची सोय ठेवली.

पण तुमचे सरपंच खोटं बोलत नाहीयेत. गावानं अर्ज करावा आणि चालणाऱ्यांसाठी पैसे मिळावेत, असं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचं वेगळं खातं, महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या वाट्याला येत नाही. पैसा येतो तो 'रस्ता काँक्रिटीकरण', 'गटार बांधकाम', 'पेव्हर ब्लॉक बसवणे' अशा नावांनी. मी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात नोकरी केली आहे आणि माझं मत असं, की निधी शोधायला निघण्याआधी कामाचं अंदाजपत्रक, म्हणजे त्यात काय काय करायचं आणि त्याला किती खर्च याची यादी, वाचायला शिका. तुमचं काम अडलंय ते तिथे.

बहुतेक गावांत काय होतं बघा. जुन्या रस्त्यावरच नवा थर चढतो. रस्ता वीतभर वर येतो, घरांचे उंबरठे खाली जातात. काँक्रीट जिथे संपतं तिथे सरळ धार. समोरून ट्रॅक्टर आला की दुचाकीवाला त्या धारेवरून घसरतो आणि पायी चालणारा उघड्या गटारात पाय टाकतो. रस्त्याच्या कडेची मुरुमाची साईडपट्टी अंदाजपत्रकात नसतेच, किंवा असते आणि टाकलेली नसते. कारण साधं आहे: मंजूर रक्कम ठरलेली, आणि प्रत्येकाला त्यात जास्तीत जास्त लांबी हवी. उद्घाटनाच्या फलकावर मीटर लिहितात, गटारावर झाकायचे ढापे कुणी लिहीत नाही.

तुमचा रस्ता होऊन गेलाय, म्हणून आता पुढच्या गटाराच्या कामावर डोळा ठेवा. दोन्ही बाजूंना उघडं गटार न करता आरसीसी ढाप्यांचं बंदिस्त गटार घ्या आणि ढापे रस्त्याच्या पातळीशी जुळवून घ्या. गावात पदपथासाठी वेगळी जागा मिळत नाही. ढाप्यांची ती पट्टीच पदपथ होते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी 1.8 मीटर सांगितली आहे, गावठाणात ती सगळीकडे बसणार नाही, पण शाळा ते उपकेंद्र एवढ्या पट्ट्यात तरी आग्रह धरा. आजीसारख्यांच्या दारासमोर 1:12 उताराचा रॅम्प, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. याहून खडा केला तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचीही दमछाक होते.

पैशाचं म्हणाल तर पहिली जागा वित्त आयोगाची. 15 व्या वित्त आयोगाचा निधी 2025-26 पर्यंतचा होता. त्यात 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि 40 टक्के अबंधित. रस्त्याची कामं अबंधितमधून होतात आणि त्यावर सगळ्या वॉर्डांची झुंबड असते. सांडपाण्याचं बंदिस्त गटार मात्र स्वच्छतेच्या बाजूला बसवता येतं, तिथे गर्दी कमी. पुढच्या पाच वर्षांसाठी 16 वा आयोग आहे. त्याच्या अटी ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) किंवा विस्तार अधिकाऱ्यांकडून नीट समजून घ्या.

त्याखेरीज ग्रामविकास विभागाचं 2515 हे लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांचं. आमदारांच्या पत्राशिवाय ते हलत नाही, हे उघड गुपित आहे. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी निराळा. वस्तीनुसार अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास, आदिवासी वस्त्यांसाठी ठक्कर बाप्पा, भटक्या-विमुक्तांच्या तांड्यांसाठी तांडा-वस्ती सुधार या योजना आहेत, पेसा गाव (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातलं) असेल तर 5 टक्के अबंध निधी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधीही कुणीतरी सुचवेल. त्याला हात लावू नका असं मी म्हणेन. लहान गावात ती रक्कम तुटपुंजी असते आणि दिव्यांगांच्या हाती जे थोडंफार पडतं ते त्यातूनच. रॅम्प रस्त्याच्या किंवा गटाराच्या अंदाजपत्रकातच यायला हवा.

वित्त आयोगाच्या पैशातून काम व्हायला ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं, आणि तिथे शब्द महत्त्वाचे. 'मुख्य रस्ता सुधारणा करणे' असा ठराव झाला तर शाखा अभियंता त्याला कळेल ते करणार. त्याऐवजी लिहून घ्या: 'जि. प. शाळा ते आरोग्य उपकेंद्र, दोन्ही बाजूंस ढाप्यांसह बंदिस्त गटार, मुरुमी साईडपट्टी, घरांसमोर रॅम्प, शाळेसमोर झेब्रा पट्टे, गतिरोधक व सूचना फलक.' एवढा लांब ठराव पाहून ग्रामसेवक कुरकुरेल. कुरकुरू दे. त्यातली प्रत्येक गोष्ट अंदाजपत्रकात बाब म्हणून आली तरच तांत्रिक मान्यता, निविदा आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदायची वही) या वाटेनं ती जमिनीवर उतरते. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, तिथे खात्री करा.

गतिरोधकाबद्दल एक सांगतो, कारण अपघात झाला की गाव आधी तोच मागतं. उरलेल्या डांबराचा ढीग टाकून दाबला की झाला गतिरोधक, अशी समजूत आहे. प्रमाण आहे 3.7 मीटर रुंदी आणि मधोमध फक्त 10 सेंटिमीटर उंची. अशावरून गाडी ताशी 25 किलोमीटरनं आरामात जाते आणि गरोदर बाईला दणका बसत नाही. अरुंद, उंच टेकाडावर रात्री अनोळखी दुचाकीवाला उडतो. पांढरे पट्टे आणि 40 मीटर आधी फलक नसेल तर गतिरोधक करूच नका.

आणि हे सगळं रस्ता कुणाचा आहे यावर टिकून आहे. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषद. प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि त्यांच्या नाहरकतीशिवाय ग्रामपंचायतीला एक पट्टाही मारता येणार नाही. उपविभागात रस्त्याचा क्रमांक विचारा, पाच मिनिटांत कळतं. सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता निघाला तर खर्च त्यांच्याकडे मागा आणि अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या. सोबत शाळेचा पट, झालेल्या अपघातांच्या पोलीस नोंदी आणि शाळा सुटतानाचे दोन फोटो जोडा. नुसत्या निवेदनावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा पडून ते खालच्या टेबलावर जातं. नोंदी जोडल्या की समितीला विषय टाळणं अवघड जातं.

झालेल्या कामात साईडपट्टी धरली होती का, हेही माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मागवून बघा. बाब असून काम नसेल आणि दोष दायित्वाचा कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) चालू असेल, तर ती ठेकेदाराकडूनच करून घ्यायची. त्याला नवा निधी लागत नाही.