बेटावर गोडं पाणी येतं कुठनं?

प्रश्न: मे महिन्यात लक्षद्वीपला जाऊन आलो, कवरत्तीत विहिरीचं पाणी जरा मचूळच लागलं. चारी बाजूनी समुद्र, मग गोडं पाणी मुळात येतंच कुठनं ओ? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: पावसाचं ओ! प्रवाळाच्या वाळूत मुरलेलं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून मिसळीच्या कटावर तेल तरंगतं तसं ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं, फक्त तेल मिसळत नाही आणि हे मिसळतं. त्यात मोटर लावून आपल्या ऊसवाल्यांसारखा उपसा केला (रागावू नका, मीपण त्यातलाच) की खालचं खारं वर चढलंच. २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं कवरत्तीत प्लांट टाकला, वरचं कोमट समुद्रपाणी कमी दाबात वाफवायचं, खोलवरच्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची, झालं गोडं पाणी, दिवसाला १ लाख लिटर!