जिम थॉर्पसारखे खेळाडू पूर्वी दोन-दोन खेळ कसे खेळायचे? माझा मुलगा कबड्डी आणि क्रिकेट दोन्ही खेळतो, सर म्हणतात एकच निवड. काय करावं?

दोन्ही खेळू द्या. अमेरिकेच्या थॉर्पला जमलं, कारण बेसबॉल उन्हाळ्यात आणि अमेरिकन फुटबॉल त्यानंतर थंडीच्या तोंडावर. दोन्हींचे मोसम फारसे एकमेकांच्या आड येत नसत. १९१३ पासून तो न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल खेळला आणि १९१५ पासून कँटन बुलडॉग्जकडून सामन्याला २५० डॉलर घेऊन फुटबॉल.

पण थॉर्प म्हटलं की मला त्याची पदकं आठवतात. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकात पेंटॅथलॉन (पाच मैदानी प्रकार) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकार), दोन्हींत सुवर्ण. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली की १९०९ आणि १९१० मध्ये तो नॉर्थ कॅरोलायनात थोडेफार पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशी, म्हणजे पैसे न घेता खेळणाऱ्यांसाठी होतं. झालं, हौशी नाही म्हणून पदकं परत घेतली. हरकत घ्यायची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, तरी घेतली. तेव्हा कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात पैशासाठी खेळायची, पण खोटं नाव लावून. थॉर्पने स्वतःचं लावलं म्हणून तो सापडला. कार्लाइल शाळेतला त्याचा कोच पॉप वॉर्नर म्हणाला, मला माहीतच नव्हतं. माझा यावर काडीचा विश्वास नाही. आपला सगळ्यात चांगला गडी दोन वर्षं शाळेत नाही आणि तो कुठे आहे हे कोच विचारणार नाही?

१९९८ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा. मे महिन्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा असायच्या. शेजारच्या तालुक्यातला एक संघ मला सामन्याला ३०० रुपये आणि एसटीचं भाडं द्यायचा. आमच्याच कॉलेजचे आणखी दोघं त्या संघात होते, ते भलत्याच नावाने उतरायचे. मला म्हणाले, तूही बदल. मी माझं, वडिलांचं, आडनाव, सगळं खरं सांगितलं. समालोचक ते लाउडस्पीकरवर पुकारायचा तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं. मालिकावीर झालो, पेपरात फोटो आला.

ऑगस्टमध्ये कुणीतरी ते कात्रण प्राचार्यांकडे दिलं. आमच्या क्रीडाशिक्षकांनी उपांत्य सामना मांडवात पहिल्या रांगेत बसून पाहिला होता. प्राचार्यांसमोर, माझ्यादेखत म्हणाले, "मला याची काहीच कल्पना नव्हती." आंतरविभागीय स्पर्धेच्या यादीतून माझं नाव गेलं. ते दोघं खेळायला गेले.

दादा तेव्हापासून दर दिवाळीला ऐकवतो, "नाव बदलायला तुझं काय जात होतं?" थॉर्प १९५३ मध्ये गेला. १९८२ मध्ये पदकं परत द्यायचं ठरलं, तीही सहविजेता म्हणून, वाटून. २०२२ मध्ये एकटा विजेता म्हणून त्याचं नाव लागलं, तेव्हा ती बातमी मी दादाला पाठवली. तो म्हणाला, मेल्यावर काय उपयोग? उपयोग आहे, दादा. डेकॅथलॉनमध्ये दुसरा आलेला स्वीडनचा विसलँडर, त्याने आपल्या नावावर झालेलं ते सुवर्ण कधी मनाने स्वीकारलंच नाही. ज्याच्याशी लढला त्याला माहीत होतं कोण जिंकलं. भलत्याच नावाने खेळला असता तर परत काय मिळालं असतं?

हेही सांगतो, खेळ संपल्यावर थॉर्पचे हाल झाले, दारू आणि पैशाची चणचण शेवटपर्यंत होती. तेव्हा मुलाचं शिक्षण सोडू नका. गुडघे जपा, कबड्डीत पहिले तेच जातात. आणि हौशीपणाचे नियम आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, तुमच्या विद्यापीठाचे काय आहेत ते वाचून घ्या.

मुलाने कुठे मानधन घेतलं तर सरांना आधी लेखी कळवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. माझ्याकडे तो कागद नव्हता.